रिव्ह्यू ऑफ लिटरेचर वारंवार परत येतोय? आधी रिव्ह्यूचा प्रकार तपासा

पीएचडीचं दुसरं प्रकरण, म्हणजे विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा, गाइडकडून परत आलं की बहुतेक विद्यार्थी एकच उपाय करतात, आणखी पेपर शोधतात. साठचे नव्वद होतात, चाळीस पानांची सत्तर होतात आणि परत आलेल्या प्रिंटच्या समासात तेच शेरे असतात. ‘विश्लेषण कुठे आहे?’ ‘गॅप (आधीच्या संशोधनातली उणीव) दिसत नाही.’ ‘सिस्टिमॅटिक म्हटलंय, पद्धत द्या.’

मुंबईत नोकरी सांभाळून पीएचडी करणारे खूप आहेत. दिवसभर कॉलेजात तास घ्यायचे, संध्याकाळी कल्याण किंवा विरार गाठायचं, जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडायचा. अशा माणसाचं एकच प्रकरण पुन्हा पुन्हा परत आलं, तर वर्ष हातचं जातं. मी संशोधन पद्धती शिकवते आणि अशी प्रकरणं सतत वाचते, म्हणून बिघाड नेमका कुठे असतो आणि तो कसा दुरुस्त करायचा, हे सविस्तर लिहिते आहे.

बिघाड सहसा पेपरच्या संख्येत नसतो, इंग्रजीतही नसतो. प्रश्न एका जातीचा असतो आणि रिव्ह्यू दुसऱ्याच जातीचा लिहिलेला असतो. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे एकच एक गोष्ट, असं धरून आपण कामाला लागतो. मारिया ग्रँट आणि अँड्र्यू बूथ यांनी 2009 मध्ये प्रचलित प्रकारांची मोजदाद केली तेव्हा 14 प्रकार निघाले. शोध कसा घ्यायचा, अभ्यासांची पारख करायची की नाही, जुळणी कशी करायची, विश्लेषण कुठवर न्यायचं, या चार बाबींत ते एकमेकांपासून वेगळे पडतात. चौदाही पाठ करायची गरज नाही. पाच-सहा ओळखता आले तरी बहुतेक अडचणी सुटतात.

पहिली तपासणी: थिसिसचं प्रकरण की स्वतंत्र पेपर?

थिसिसमधलं रिव्ह्यूचं प्रकरण तुमच्या संशोधन प्रश्नाची गरज सिद्ध करतं. स्वतंत्र रिव्ह्यू पेपर स्वतःच एका प्रश्नाचं उत्तर देतो. दोघांची कामं वेगळी आहेत आणि गोंधळ इथेच सुरू होतो. विद्यार्थी एखाद्या चांगल्या जर्नलमधला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या निकषांनी अभ्यास शोधून, पारखून केलेला) नमुना म्हणून समोर ठेवतात आणि त्याचे मथळे जसेच्या तसे उचलतात. प्रकरणात पेपर शोधायच्या डेटाबेसची नावं येतात, किती पेपर मिळाले नि किती वगळले हे दाखवणारा फ्लो डायग्राम येतो, मोठा तक्ता येतो. पण तिसऱ्या प्रकरणातली प्रश्नावली किंवा मुलाखती यांच्याशी त्यातल्या कशाचाच संबंध लागत नाही.

‘गॅप दिसत नाही’ हा शेरा बऱ्याचदा या कारणाने येतो. त्यावर विद्यार्थ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘मॅडम, या विषयावर ठाणे जिल्ह्यात अभ्यास झालेलाच नाही.’ ठाण्यात अभ्यास झालेला नाही, तसाच तो पालघरमध्येही झालेला नसेल. नुसती जागा रिकामी असणं म्हणजे गॅप नव्हे. ठाण्यात असं काय वेगळं आहे की ज्यामुळे आधीचे निष्कर्ष तिथे लागू पडणार नाहीत, हे सांगता आलं तरच तो गॅप होतो. आणि ते सांगायचं तर आधीचे निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत निघाले, हे रिव्ह्यूमध्ये आलेलं असायला हवं.

दुसरी तपासणी: प्रश्न एका ओळीत लिहा आणि त्याचं क्रियापद बघा

एक विषय घेऊया: मुंबईतल्या क्षयरुग्णांचे उपचार मध्येच सुटतात. सहा महिन्यांचा कोर्स, आणि दोन-तीन महिन्यांत बरं वाटायला लागलं की रुग्ण यायचा थांबतो. या एकाच विषयावर किती तऱ्हांचे प्रश्न विचारता येतात ते बघा.

‘रुग्णाला रोज फोनवर आठवण करून दिल्याने उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढतं का, किती वाढतं?’ याचं उत्तर हो, नाही किंवा आकडा असं आहे. हा सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा प्रश्न. अभ्यास पुरेसे आणि एकमेकांशी जुळणारे असतील तर पुढे मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकत्र करणं.

‘उपचार सुटण्यावर भारतातल्या शहरांत आजवर कुठे, कोणत्या पद्धतीने, कोणावर अभ्यास झाले?’ इथे परिणाम मोजायचा नाही, पसारा बघायचा आहे. हा स्कोपिंग रिव्ह्यू.

‘उपचार सोडणाऱ्या रुग्णाकडे वैद्यकीय अभ्यासक कसे बघत आले आणि ही दृष्टी कधी, का बदलली?’ हा नॅरेटिव्ह किंवा क्रिटिकल रिव्ह्यूचा प्रश्न. यात वाचणाऱ्याची समज आणि युक्तिवाद महत्त्वाचा, फ्लो डायग्राम नव्हे.

‘रुग्णांना स्वतःला हा काळ कसा जातो?’ मुलाखतींवर आधारलेले अभ्यास एकत्र वाचून त्यातून नवा अर्थ लावायचा असेल तर मेटा-एथ्नोग्राफी आहे. नोब्लिट आणि हेअर यांनी ही पद्धत 1988 मध्ये शिक्षणक्षेत्रातल्या अभ्यासांसाठी मांडली, आज ती आरोग्यात सर्रास वापरली जाते.

‘तीच योजना एका वॉर्डात चालते आणि शेजारच्या वॉर्डात चालत नाही, असं का?’ हा रिअलिस्ट रिव्ह्यू. कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या कारणाने काम होतं, हे तो विचारतो. महापालिकेच्या किंवा सरकारी योजनांवर काम करणाऱ्यांनी याकडे जरूर बघावं. आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपले अर्धे प्रश्न याच स्वरूपाचे असतात.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न लिहा. ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद आलं तर ते खोडा, कारण त्यावरून काहीच कळत नाही. मोजायचं आहे, शोधायचं आहे, तपासायचं आहे, समजून घ्यायचं आहे की कारण लावायचं आहे? एवढं ठरलं की प्रकार जवळपास ठरतो. हे काम शोध सुरू करण्याआधी करायचं असतं. दोनशे पीडीएफ गोळा झाल्यावर प्रकार ठरवायला बसलं की हाती असलेल्या पीडीएफच तो ठरवतात.

शेरा: ‘हे नुसते सारांश आहेत’

सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड हाच. परिच्छेद लेखकाच्या नावाने सुरू होतो, त्याने काय केलं ते सांगतो आणि संपतो. पुढचा परिच्छेद, पुढचा लेखक. जेन वेबस्टर आणि रिचर्ड वॉटसन यांनी 2002 मध्ये माहिती-तंत्र विषयाच्या संशोधकांसाठी लिहिताना नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. मांडणी लेखकांभोवती नको, संकल्पनांभोवती हवी, आणि त्यासाठी त्यांनी एक साधा तक्ता सुचवला. आडव्या ओळींत पेपर, उभ्या रकान्यांत संकल्पना.

उदाहरण दाखवते. क, ख, ग ही फक्त अक्षरं आहेत, निष्कर्षही समजण्यापुरते रचलेले आहेत.

आधीचा मसुदा असा असतो: ‘क (2008) यांनी दवाखान्यातील 200 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. औषधांच्या दुष्परिणामांमुळे उपचार सुटतात असे त्यांना आढळले. ख (2013) यांनी रुग्णांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. मजुरी बुडणे हे मुख्य कारण असल्याचे त्यांनी म्हटले. ग (2019) यांनीही मुलाखती घेतल्या. त्यांना गावी स्थलांतर हे कारण आढळले.’

तेच तीन पेपर संकल्पनेभोवती मांडले की: ‘उपचार का सुटतात याचे उत्तर माहिती कोठून घेतली यानुसार बदलते. नोंदवह्यांवर आधारलेल्या अभ्यासात (क 2008) दुष्परिणाम ठळक दिसतात, कारण नोंदवहीत वैद्यकीय कारणासाठीच रकाना असतो. घरी जाऊन बोललेल्या अभ्यासांत (ख 2013, ग 2019) मजुरी आणि गावी जाणे ही कारणे पुढे येतात. मात्र गावी गेलेला रुग्ण तेथे उपचार चालू ठेवतो की नाही, हे यांपैकी एकाही अभ्यासाला सांगता येत नाही. तिघांचीही माहिती शहरातच संपते.’

पेपर तेच, शब्दही साधारण तेवढेच, पण गॅप आपोआप वर आला. ‘विश्लेषण नाही’ म्हणताना गाइडला हेच हवं असतं. बरेचदा ते त्यांनी उलगडून सांगितलेलं नसतं.

तक्ता गूगल शीटमध्ये करा, म्हणजे गाडीत बसायला जागा मिळाली तर फोनवरही एखादी ओळ भरता येते. रकाने कोणते ठेवायचे? पहिले दहा पेपर वाचेपर्यंत रकाने पक्के करू नका. मग लेखक, वर्ष, ठिकाण, पद्धत यांच्यापुढे चार-पाच संकल्पनांचे रकाने उघडा आणि शेवटी ‘याने काय पाहिलं नाही’ असा एक रकाना ठेवा. तुमचं प्रकरण उभं राहतं ते मुख्यतः या शेवटच्या रकान्यावर. लिहायला बसाल तेव्हा ओळ बघून लिहू नका, रकाना बघून लिहा. एक रकाना म्हणजे प्रकरणातला एक उपविभाग.

शेरा: ‘सिस्टिमॅटिक म्हटलंय, पद्धत कुठे आहे?’

‘सिस्टिमॅटिक’ हा शब्द नीटनेटकं या अर्थाने शीर्षकात टाकला जातो. तो करार आहे. तो लिहिलात की वाचणारा पुढच्या गोष्टी मागणारच: शोधाआधी लिहून ठेवलेला प्रोटोकॉल (कामाचा आराखडा), एकाहून अधिक डेटाबेस, जशीच्या तशी दिलेली सर्च स्ट्रिंग (डेटाबेसमध्ये टाकलेली शोधशब्दांची ओळ) आणि शोधाची तारीख, अभ्यास घेण्या-वगळण्याचे निकष, दोघांनी स्वतंत्रपणे केलेली छाननी, प्रत्येक अभ्यासाच्या दर्जाची पारख. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने वैद्यकशास्त्रात ही शिस्त रुजवली आणि 2000 पासून कॅम्पबेल कोलॅबरेशनने ती शिक्षण, समाजकल्याण, गुन्हेगारी अशा विषयांत आणली.

प्रिस्माबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करते. प्रिस्मा ही रिव्ह्यू करण्याची पद्धत नाही. केलेला रिव्ह्यू कसा कळवायचा याची ती 27 मुद्द्यांची यादी आहे, सध्याची आवृत्ती 2020 ची. ‘प्रिस्मा पद्धत वापरली’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक प्रकरणात सापडतं आणि जाणकार परीक्षक तिथेच पेन उघडतो. ‘अहवाल प्रिस्मा 2020 नुसार दिला आहे’ असं लिहा.

फ्लो डायग्राममधली बेरीज-वजाबाकी स्वतः करून बघा. समजा 640 नोंदी मिळाल्या. 190 दुबार निघाल्या, उरल्या 450. शीर्षक आणि सारांश वाचून 380 वगळल्या, उरल्या 70. त्यातल्या 6 चा पूर्ण मजकूर मिळालाच नाही, राहिल्या 64. पूर्ण वाचून 46 वगळल्या, हाती 18. आता निष्कर्षांच्या तक्त्यात ओळी मोजा. तिथे 21 असतात! तीन कुठून आल्या? एखाद्या पेपरच्या संदर्भसूचीतून सापडल्या आणि थेट तक्त्यात बसल्या. त्यांना घेण्यात काही गैर नाही. प्रिस्मा 2020 च्या आकृतीत अन्य मार्गांनी मिळालेल्या अभ्यासांसाठी वेगळा रकाना आहे, त्यातून त्यांना आणा. शिवाय 46 वगळल्या त्या का वगळल्या, हे कारणवार आकड्यांत द्यावं लागतं. ‘विषयाशी संबंधित नाही’ हे एकच कारण सगळ्यांना लावलं तर निकष आधी ठरलेले नव्हते हे उघड होतं.

आता खरी अडचण. एकट्या विद्यार्थ्याने हे सगळं करायचं कसं? प्रोस्पेरो या रिव्ह्यूंच्या प्रोटोकॉलची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंदलेल्या 195 सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदणीपासून प्रकाशनापर्यंत सरासरी 67 आठवडे लागले होते आणि लेखकांची सरासरी संख्या पाच होती. पाच माणसांचं सव्वा वर्षाचं काम आपण एका विद्यार्थ्याकडून एका प्रकरणात मागतो, ही मागणीच चुकीची आहे. तसं स्पष्ट सांगण्याची जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.

सुटकेचा मार्ग मात्र प्रामाणिक आणि मान्यताप्राप्त आहे. ग्रँट आणि बूथ यांच्या यादीत ‘सिस्टिमटाइज्ड रिव्ह्यू’ नावाचा एक प्रकार आहे. शोध पद्धतशीर घ्यायचा, सगळा नोंदवायचा, पण दोघांची छाननी किंवा संपूर्ण दर्जा-पारख यांचा दावा करायचा नाही. पदव्युत्तर विद्यार्थी करतात तो हाच, असं त्यांनी स्वतः म्हटलं आहे. शीर्षकातला एक शब्द बदलून, मर्यादा दोन वाक्यांत लिहून प्रकरण मार्गी लागतं. जमत असेल तर एखाद्या सहसंशोधकाकडून शे-दीडशे नोंदींची स्वतंत्र छाननी करून घ्या आणि दोघांच्या निर्णयांत किती मेळ बसला तो कप्पा गुणांकाने द्या. रय्यान हे छाननीचं साधन अशा कामाला सोयीचं आहे. दोघांचे निर्णय एकमेकांपासून झाकून ठेवता येतात.

शेरा: ‘स्कोपिंग म्हणता आणि परिणामकारकतेचा निष्कर्ष काढता?’

स्कोपिंग रिव्ह्यू म्हणजे हलका किंवा अर्धवट सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, असं समजून तो निवडला जातो. त्याची स्वतःची शिस्त आहे. हिलरी आर्क्सी आणि लिसा ओमॅली यांनी 2005 मध्ये त्याचे पाच टप्पे मांडले: प्रश्न ठरवणं, अभ्यास शोधणं, निवडणं, माहिती तक्त्यात भरणं, एकत्र करून कळवणं. सहावा टप्पा ऐच्छिक, त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांशी सल्लामसलत. मुंबईत हा सहावा टप्पा सोडू नये असं माझं ठाम मत आहे. क्षयरोगाचा विषय असेल तर आरोग्यसेविका, वस्तीत काम करणाऱ्या संस्था, महापालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर हे सगळे एका गाडीच्या अंतरावर आहेत. कोणत्या अहवालाचं नाव कुठल्याच डेटाबेसात येत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

स्कोपिंगमध्ये दर्जाची पारख सहसा करत नाहीत. त्यामुळे ‘अमुक उपाय परिणामकारक आहे’ असा निष्कर्षही काढता येत नाही. काढलात तर शेरा येणारच. ‘अमुक उपायावर इतके अभ्यास आहेत, बहुतेक दवाखान्यातले आहेत, घरी जाऊन केलेले नाहीत’ इतकंच तो सांगू शकतो. त्याच्या अहवालासाठी प्रिस्माची वेगळी शाखा 2018 मध्ये आली, ती वापरा. आणि प्रोटोकॉल प्रोस्पेरोवर नोंदवायला जाऊ नका, तिथे स्कोपिंग रिव्ह्यू घेत नाहीत. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर नोंदवता येतो.

शेरा: ‘महत्त्वाचे संदर्भ सुटले आहेत’

हा शोधातला बिघाड. मुंबईवर काम करणाऱ्यांना तो हमखास भोवतो, कारण ‘मुंबई’ हा एकच कीवर्ड टाकला जातो. शहराचं अधिकृत इंग्रजी नाव 1995 मध्ये बदललं. त्याआधीचं जवळपास सगळं संशोधन ‘बॉम्बे’ नावाखाली आहे. विषयातल्या संज्ञांचंही तसंच. क्षयरोगात उपचार सोडणाऱ्याला पूर्वी ‘डिफॉल्टर’ म्हणत, जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या व्याख्यांत ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ केलं. राष्ट्रीय कार्यक्रमाचं नावही 2020 मध्ये बदललं, आरएनटीसीपीचं एनटीईपी झालं. नवी संज्ञा तेवढी टाकली की त्याआधीचं काम गायब होतं आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहितो, ‘या विषयावर जुने अभ्यास आढळले नाहीत.’

स्ट्रिंग साधारण अशी होईल, डेटाबेसमध्ये अर्थात रोमन लिपीत: (ट्युबरक्युलोसिस ऑर टीबी) अँड (डिफॉल्ट ऑर ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ ऑर ‘ट्रीटमेंट इंटरप्शन’) अँड (मुंबई ऑर बॉम्बे). कंसाच्या आत ऑर, कंसांच्या मध्ये अँड. कंस विसरलात तर डेटाबेस भलतंच काही शोधून देतो आणि आकडा हजारांत जातो. स्ट्रिंग चालते का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. विषयातले तुम्हाला आधीपासून माहीत असलेले पाच महत्त्वाचे पेपर बाजूला लिहून ठेवा. स्ट्रिंगच्या निकालात ते पाचही आले नाहीत तर स्ट्रिंग दुरुस्त करा, पुढे जाऊ नका.

गूगल स्कॉलर वरवर बघायला आणि एखाद्या पेपरचा उल्लेख पुढे कोणी केला हे शोधायला उत्तम. पण एका शोधाचे जास्तीत जास्त 1000 निकालच दिसतात आणि त्यांचा क्रम दुसऱ्याला तसाच मिळेल याची खात्री नसते. पद्धतशीर शोधाचा एकमेव आधार म्हणून तो देऊ नका. पबमेड हा वैद्यकीय संशोधनाचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांचे थिसिस आहेत. बंद जर्नलांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं आहे. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना मिळतात. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना आजच विचारा. ग्रंथपालांना आपण पुस्तक शोधायला बोलावतो, स्ट्रिंग तपासायला बोलावत नाही, हे मोठं नुकसान आहे.

आणि काही विषय डेटाबेसात नसतातच. गिरणगाव घ्या. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपावर, चाळींवर, कामगारांच्या कलापथकांवर काम करायचं आणि स्कोपस या डेटाबेसमध्ये शोधून ‘फारसं साहित्य नाही’ म्हणायचं, हे त्या विषयावर अन्याय करणारं आहे. त्याचं लेखन मराठीत आहे, पुस्तिकांत आहे, दिवाळी अंकांत आहे. त्यासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार इथे जाऊन बसावं लागतं. अशा विषयाला नॅरेटिव्ह किंवा इतिहासलक्ष्यी रिव्ह्यूच शोभतो. तिथे ‘प्रिस्मा करा’ असा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा, की प्रश्न कल्पना कशा बदलल्या याचा आहे, परिणाम मोजण्याचा नाही. मात्र नॅरेटिव्ह म्हणजे मनाला येईल ते घेणं नव्हे. कोणत्या काळातलं, कोणत्या भाषांतलं, कुठे बसून वाचलं आणि काय सोडलं, हे एका परिच्छेदात सांगितलंच पाहिजे.

काही छोटे बिघाड

‘18 पैकी 12 अभ्यासांत फायदा दिसला, म्हणून उपाय परिणामकारक’ असं मतमोजणीसारखं लिहू नका. चाळीस रुग्णांचा अभ्यास आणि चार हजारांचा अभ्यास यांना सारखं मत देता येत नाही, आणि फायदा केवढा हे त्यातून कळतच नाही. अभ्यासांना योग्य वजन देऊन आकडे एकत्र करायचे त्यालाच मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. हे नाव जीन ग्लास यांनी 1976 मध्ये दिलं, पण कल्पना जुनी आहे. कार्ल पिअर्सन यांनी 1904 मध्ये टायफॉइडच्या लसीवरची जी आकडेवारी एकत्र केली, तिच्यात भारतातल्या ब्रिटिश सैन्याचीही होती. अभ्यासांत फार तफावत असेल तर आकडे एकत्र करू नका, शब्दांत जुळणी करा आणि का केली ते लिहा.

व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरने काढलेले संदर्भांचे रंगीत नकाशे सध्या प्रत्येक सादरीकरणात दिसतात. बिब्लिओमेट्रिक अभ्यास कोण कोणाचा संदर्भ देतं, कोणते शब्द बरोबर येतात, हे दाखवतो. त्या पेपरांत काय सापडलं हे तो सांगत नाही. रिव्ह्यूच्या जोडीला ठेवा, रिव्ह्यूच्या जागी नको.

तुमच्या विषयावर आधीच पाच-सात सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असतील तर आठवा करू नका. त्यांचाच रिव्ह्यू करा, त्याला अंब्रेला रिव्ह्यू म्हणतात. एकच मूळ अभ्यास त्यातल्या कितींत मोजला गेला आहे, ते मात्र तपासा.

साम्य अहवालाचा (मजकूर दुसरीकडून उचललाय का, हे टक्क्यांत दाखवणारा) प्रश्न याच प्रकरणात सर्वाधिक येतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. 10 ते 40 टक्क्यांत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, त्याला कमाल सहा महिने. सारांशांवर बेतलेल्या प्रकरणात साम्य वाढतं, कारण पेपरच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचे शब्द उतरतात. संकल्पनेनुसार लिहिलं की वाक्यं तुमची होतात आणि टक्केवारी न लढता खाली येते.

चॅटबॉटकडून आलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून बघा. लेखक खरा, जर्नल खरं आणि पेपरच अस्तित्वात नाही, असे संदर्भ आता नियमित दिसू लागले आहेत. व्हायवाला परीक्षकाने त्यातला एक जरी उघडायला सांगितला, तरी बाकीच्या खऱ्या मेहनतीवरचा विश्वास जातो.

गाइडशी बोलताना

प्रकरण पुन्हा पाठवण्याआधी त्याच्या सुरुवातीला चार-पाच वाक्यं घाला. उदाहरणार्थ: ‘हा सिस्टिमटाइज्ड रिव्ह्यू आहे. प्रश्न असा आहे. पबमेड, स्कोपस आणि शोधगंगा यांत अमुक तारखेला शोध घेतला, स्ट्रिंग परिशिष्टात दिली आहे. मराठी आणि इंग्रजी साहित्य घेतले. छाननी एकाच व्यक्तीने केली आहे, ही मर्यादा आहे.’ मग फक्त एवढाच परिच्छेद आणि तक्ता घेऊन गाइडना भेटा, सत्तर पानं नंतर. ‘सर, प्रश्न हा आहे, म्हणून प्रकार हा घेतलाय, चालेल का?’ प्रकारावर त्यांची संमती आधी मिळाली की पुढचे शेरे मजकुरापुरते उरतात. आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) बैठकीतही हाच परिच्छेद समोर ठेवा. समितीत वेगवेगळ्या विषयांची माणसं असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात ‘रिव्ह्यू’चा अर्थ आपापल्या विषयाचा असतो. तो वाद तिथल्या तिथे मिटलेला बरा.

थिसिस जमा करण्याच्या दोन-तीन महिने आधी तीच स्ट्रिंग त्याच डेटाबेसात पुन्हा चालवा. नोंदणी आणि सादरीकरण यांच्यात आपल्याकडे वर्षं जातात, आणि पहिल्या वर्षी केलेल्या शोधाची तारीख बघून परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात. नवे पेपर आले तर तक्त्यात ओळी वाढवा, फ्लो डायग्रामचे आकडे पुन्हा जुळवा आणि परिशिष्टात जुन्या तारखेशेजारी नवी तारीख लिहा.